अलक वाचताना : दडलेल्या अर्थाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी दहा-बारा जण जमतात आणि विज्ञानाच्या, अद्भुताच्या अलक वाचतात. अलक म्हणजे अति लघुकथा. शंभर शब्दांच्या पुढे गेलेली गोष्ट आम्ही घेत नाही. येणाऱ्यांत सर्वांत लहान चौदा वर्षांची आहे आणि सर्वांत मोठे ब्याऐंशी वर्षांचे. नवीन माणूस आला की प्रश्न साधारण तेच असतात, आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं. उदाहरणाच्या गोष्टी माझ्याच आहेत.

दडलेला अर्थ म्हणजे कोड्याचं उत्तर का?

नाही. कोड्याचं उत्तर सापडलं की कोडं संपतं. अलकेतला अर्थ सापडल्यावर गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटते.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार फार जुना आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वनी’ हे नाव दिलं : शब्द जे सांगतात त्यापलीकडे जे ऐकू येतं ते. पुढे काव्यशास्त्रकार मम्मटाने एक साधं वाक्य घेऊन हे दाखवलं, ‘गतोऽस्तमर्कः’, म्हणजे सूर्य मावळला. गुराख्याने ऐकलं तर गुरं वळवायची वेळ झाली, दुकानदाराने ऐकलं तर माल आवरायची, प्रियकराकडे निघालेलीने ऐकलं तर घराबाहेर पडायची. वाक्य एकच, आणि त्यातला एकही अर्थ वाक्यात लिहिलेला नाही.

आता त्याला दोन छोटे तुकडे जोडते : ‘दुसरा सूर्यही मावळला.’ ‘दुसरा’ म्हटल्याबरोबर आपण या पृथ्वीवर राहिलो नाही. पण माझं लक्ष ‘ही’कडे जातं. त्या ‘ही’त कुणीतरी वाट पाहत बसलंय, पहिला मावळला तेव्हाच धास्तावलंय. जग एका शब्दाने उभं राहिलं आणि माणूस एका अक्षराने. दडलेला अर्थ म्हणते तो हा.

इतक्या छोट्या गोष्टीत एवढं मावतं कसं?

पाहुणे आले की मी त्यांना किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिराकडे नेते. एकाच खडकात कोरलेलं लहानसं देऊळ. त्यातल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेचं माप दिलंय, १८७ हात रुंद आणि २७० हात लांब, आणि रोजच्या ५० हारांची सोय नोंदवलीय. त्या २७० आणि ५० मधलं शून्य हे कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी एक मानतात. बारीकसं वर्तुळ, लक्ष नसेल तर दिसणारही नाही.

शून्यात स्वतःचं काहीच नाही, पण ते तिथे नसतं तर बाग सत्तावीस हातांची झाली असती. अलकेत न लिहिलेली जागा हेच काम करते. शेजारच्या शब्दाची किंमत ती दहापट करते, मात्र नेमक्या ठिकाणी असली तरच. आनंदवर्धन काश्मिरात ध्वनीबद्दल लिहीत होता आणि इथे कुणीतरी दगडात ते वर्तुळ कोरत होतं, हे दोन्ही एकाच शतकातलं. मला याचं दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

गाणं शिकलेल्यांना मी दुसऱ्या तऱ्हेने सांगते. ग्वाल्हेर घराण्याची बंदिश कागदावर लिहिली तर चार ओळी, स्थायी आणि अंतरा. त्या चार ओळींवर गवई अर्धा तास गातो. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी इथे गायनशाळा काढली, तेव्हापासून किती घरांतून या बंदिशी फिरल्या असतील. ओळी त्याच राहिल्या, विस्तार ज्याचा त्याने केला. अलक ही बंदिश आहे. गायचं वाचणाऱ्याने.

मला अर्थ कळतच नाही. सुरुवात कुठून करू?

यात शरमेचं काही नाही. आमच्याकडे पहिले दोन-तीन रविवार बहुतेक जण गप्पच बसतात. ही गोष्ट बघा :

*आई मंगळावरून रोज रात्री नऊला बोलते.*
*‘जेवलास?’*
*‘हो.’*
*‘काय?’*
*‘पिठलं-भात.’*
*ती लगेच हसते. ‘बाबांना जमायला लागलं म्हणजे.’*

पहिल्यांदा वाचताना ही घरगुती, गोड गोष्ट वाटते. आई कामाला लांब गेलीय, बाबा स्वयंपाक शिकतायत. इथेच थांबलात तरी काही बिघडलं नाही, तोही अर्थ खराच आहे. पण मग एकेक शब्द काढून पाहा. ‘रात्री नऊ’च्या जागी ‘आठ’ घाला, गोष्ट तशीच राहते. एकांनी नऊचा संबंध नवग्रहांशी लावला होता, तो मला पटला नाही तो यामुळेच. ‘पिठलं-भात’ काढून ‘श्रीखंड-पुरी’ घाला, थोडं नुकसान होतं, कारण नुकता स्वयंपाकाला लागलेला बाप पिठल्यापासून सुरुवात करतो. आता ‘लगेच’ काढा. गोष्टीचा मजलाच्या मजला ढासळतो.

कारण मंगळावरून पृथ्वीवर आवाज पोहोचायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. प्रकाशाहून वेगाने काहीच येत नाही. म्हणजे ‘पिठलं-भात’ या शब्दांवरचं हसू परत यायला कमीत कमी सहा मिनिटं हवीत. ते लगेच आलं. मग बोलतंय ते मंगळावर नाही. ते घरातच आहे. बाबांनी पोरासाठी तो आवाज तयार केलाय, आणि आई आता कुठे आहे हे गोष्ट सांगत नाही. आता शेवटची ओळ पुन्हा वाचा. ‘बाबांना जमायला लागलं’ हे फक्त पिठल्याबद्दल राहत नाही.

एका वाचकाने याच्याही पुढचा प्रश्न विचारला : पोराला हे ठाऊक आहे का? तो एवढं तुटक उत्तर देतो ते ठाऊक आहे म्हणून, की मुलं तशीच बोलतात म्हणून? लिहिताना मी हा विचार केला नव्हता. आता मला वाटतं की त्याला ठाऊक आहे, आणि बाबांसाठी तो रोज नऊला बसतो.

म्हणजे विज्ञान यायलाच हवं?

थोडं. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटांच्या आसपास, सर्वांत जवळच्या ताऱ्याचा सव्वाचार वर्षांनी, आणि वेगात जाणाऱ्याचं घड्याळ मागे राहतं. एवढं माहीत असलं की बऱ्याच गोष्टी उघडतात. जिथे अडेल तिथे शेजारच्याला विचारावं. आमच्याकडे इंजिनिअरिंगची मुलं आहेत आणि त्यांना विचारलेलं आवडतं.

शेवटचा धक्का आणि दडलेला अर्थ, यात फरक काय?

धक्का एकदाच बसतो. हे पाहा :

*तो अंतराळातून परत आला. दारातल्या म्हातारीने त्याला मिठी मारली. ‘बाबा,’ ती म्हणाली.*

प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने आपली दहा वर्षं काढली तर पृथ्वीवर जवळपास ७१ वर्षं उलटतात. तेव्हा बाप तरुण आणि मुलगी म्हातारी, हे गणिताने बरोबर आहे. वाचताना अंगावर काटाही येतो. पण दुसऱ्यांदा वाचून हाती नवीन काही लागत नाही. आता शेवटची ओळ बदलते :

*तो अंतराळातून परत आला. दारातल्या म्हातारीने विचारलं, ‘बाबा, आता दिवा मालवू?’*

धक्का तोच आहे. पण आता मला ती सात वर्षांची पोर दिसते, बाबा येईपर्यंत दिवा ठेवायचा असं कुणीतरी सांगितलेली. तिने लग्न केलं का, घर बदललं का, दिव्याला लोक काय म्हणाले, हे सगळं मी घरी जाताना मनात रचत जाते. ‘मालवू?’ हा आणखी कसला प्रश्न आहे हेही ज्याच्या त्याच्या लक्षात येतं.

मराठी गोष्टीत अर्थ कुठे दडतो? इंग्रजीतल्यासारखाच का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. प्रत्येक भाषेचे कोनाडे वेगळे असतात. मराठीत ते फार बारीक आहेत : ‘च’, ‘ही’, ‘ना’, ‘म्हणे’. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांत सांगणाऱ्याचा अख्खा अविश्वास बसतो. तू, तुम्ही, आपण यांतलं एक सोडून दुसरं वापरलं की नातं बदलतं. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण तर घराघरांत चालणारी व्यंजनाच आहे, म्हणजे न बोलता सुचवणं. अद्भुताच्या गोष्टीत यांचा उपयोग व्हायला हवा तितका होत नाही. आपण यंत्रं आणि ग्रह यांच्यामागे धावतो आणि घरातले शब्द विसरतो.

ही गोष्ट मी तीन वर्षं घासत होते :

*तीस वर्षं आमच्या घरी होता. कंपनीची माणसं न्यायला आली. दारात वळून म्हणाला, ‘जातो.’*
*आजी उठून उभी राहिली. आजवर त्याची मराठी एकदाही चुकली नव्हती.*

तो कोण हे कुठेच म्हटलेलं नाही. ‘कंपनीची माणसं’ आणि ‘एकदाही चुकली नव्हती’ एवढ्यावरून ते कळतं. माणसाची मराठी तीस वर्षांत एकदा तरी चुकतेच. पण खरी गोष्ट ‘जातो’मध्ये आहे. घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं तर आई ओरडते. तीस वर्षांत हे त्याला हजार वेळा ऐकायला मिळालं असेल. म्हणजे हा शब्द त्याने निवडला. परत येणार नाही हे त्याला कळलंय आणि आजीशी तो खोटं बोलणार नाही. आजीला ते त्या क्षणी कळतं, म्हणून ती उठते. ती का उठते यावर आमच्याकडे तासभर बोलणं झालं. कुणी म्हणालं, अडवायला. कुणी म्हणालं, माणूस जाताना उठतात तशी, म्हणजे आज पहिल्यांदा तिने त्याला माणूस मानलं. एक काकू म्हणाल्या, ‘छे, तिने तर पहिल्या दिवसापासूनच मानलं होतं, नाहीतर त्याला मराठी शिकवली कुणी?’

ही गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली तेव्हा शेवटी माझी नसलेली एक ओळ होती : ‘कारण तो यंत्रमानव होता.’ वाचकांना कळावं म्हणून घातली, असं मला सांगण्यात आलं. मला अनेक दिवस फार वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं. वाचणाऱ्याच्या हातातला घास कुणीतरी चावून दिला होता.

अद्भुतकथेत तर काहीही घडू शकतं. मग तिथे पुरावा कसला शोधायचा?

काहीही घडू शकतं, पण त्या गोष्टीचा म्हणून एक नियम असतो. तो शोधायचा. तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे. त्याची पानं चघळली की गळा गोड होतो असं गाणारे पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेत. त्यावरून :

*तिने चिंचेचं पान चघळलं आणि पहिल्यांदाच सुरात गायली. दुसऱ्या दिवशी दुसरं पान. तिसऱ्या दिवशी तिसरं.*
*वैशाखात वारा सुटला. सगळी झाडं वाजली, एक सोडून.*

नियम असा की सूर निर्माण होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ‘वाजली’ या शब्दामुळे झाडांनाही आवाज असतो हे आपण आधीच मान्य करून बसतो, आणि मग तो गेलेला जाणवतो. आमची चौदा वर्षांची वाचक म्हणाली, ती मुलगी चोर आहे. गाणं शिकवणाऱ्या बाई मात्र बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘झाड म्हणजे गुरू. देता देता गप्प होतो.’ मी लिहिताना झाड झाडच होतं. पण गोष्टीतला प्रत्येक शब्द बाईंच्या बाजूने उभा राहतो, म्हणून तो अर्थ आता माझ्यापेक्षा त्यांचा जास्त आहे.

दोघांनी दोन अर्थ लावले तर बरोबर कोण?

पुष्कळदा दोघंही. ग्वाल्हेर ते श्योपूर दोन फुटी रुळांची गाडी धावायची, जवळपास २०० किलोमीटर, डब्यांच्या टपावरही माणसं बसलेली. २०२० मध्ये ती बंद झाली. इथे तिला छोटी लाइन म्हणतात.

*छोटी गाडी बंद होऊन पाच वर्षं झाली. तरी आजोबा रोज घड्याळ पाहून म्हणतात, ‘आज उशीर.’*
*आज म्हणाले, ‘आली.’*
*चपला दारातच राहिल्या.*

मोठी माणसं याला मृत्यू म्हणतात. चपला राहिल्या, म्हणजे देह राहिला. एका डॉक्टर वाचकाने विस्मरण म्हटलं : आजोबा अनवाणी कुठेतरी निघून गेलेत आणि घरचे आता शोधायला धावणार आहेत. मग शेवटची ओळ शोकाची राहत नाही, भीतीची होते. एक शाळकरी मुलगा म्हणाला, गाडी खरंच आली. तिन्ही अर्थांना चपला पुरतात. मी यातला एकही खोडणार नाही.

मग काहीही अर्थ लावला तरी चालतो?

नाही चालत. किल्ल्यावरच्या सासबहू मंदिराचं उदाहरण घ्या. नाव ऐकून लोक सांगतात की सासूने विष्णूचं बांधलं आणि सुनेने शिवाचं. गोष्ट मोठी गोड आहे. पण मोठ्या देवळातला १०९३ चा शिलालेख राजा महीपालाचा आहे, देऊळ विष्णूचं आहे, आणि नाव ‘सहस्रबाहू’वरून घासत घासत ‘सासबहू’ झालं असं मानतात. सासू-सुनेची गोष्ट नावाच्या अपभ्रंशातून आली, दगडातून आली नाही.

अलकेतही असंच होतं. आपल्याला आवडलेला अर्थ घेऊन आपण गोष्टीकडे जातो आणि ती आपल्याला ‘हो’ म्हणतेय असं वाटतं. आमच्याकडे एकच प्रश्न विचारायचा रिवाज आहे : ‘कुठल्या शब्दावरून?’ शब्द दाखवता आला तर अर्थ राहतो. नाही आला तर ती तुमची नवी गोष्ट आहे, घरी जाऊन लिहा. अशा तीन चांगल्या गोष्टी आमच्या मंडळींनी खरंच लिहिल्यात.

शीर्षकातही अर्थ असतो का?

असायला हवा. शंभर शब्दांत शीर्षकाचे दोन-तीन शब्द वाया घालवणं परवडत नाही. मात्र शीर्षकाने गुपित फोडू नये. ‘जातो’वाल्या गोष्टीचं नाव मी आधी ‘यंत्र’ ठेवलं होतं. ते खोडून ‘तीस दिवाळ्या’ केलं.

आणि लेखकाच्या नावात?

क्वचित, पण एक सुंदर उदाहरण आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ते लिहिणारे होते जयंत विष्णु नारळीकर. ज, वि, ना ही आद्याक्षरं उलटी केली की ना, वि, ज. नावाचा मान आधी मिळू नये, कथेला मिळावा, म्हणून त्यांनी ते टोपणनाव घेतलं, आणि खूण मात्र उघड्यावर ठेवली.

अर्थ लेखकालाच विचारून घेतला तर?

विचारा, पण शेवटी विचारा. आधी विचारलंत की तुमचं वाचन तिथेच थांबतं. मला विचाराल तर मी सांगते, पण गाणाऱ्या बाई आणि पोराबद्दल विचारणारे ते वाचक यांनी मला शिकवलंय की माझं उत्तर पूर्ण नसतं.

मुलांसमोर अशा गोष्टी वाचाव्यात का?

जरूर. भारुडातल्या विंचवाला आपण सगळे आधी लहानपणी हसलो, तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे नंतर कळलं, आणि आधीचं हसणं फुकट गेलं नाही. मुलांना फक्त एक करू नये : वाचून झाल्याझाल्या ‘काय समजलं?’ असं विचारू नये.

मला लिहायची आहे. काय करू?

आधी तीनशे शब्दांत सगळं लिहा, अर्थासकट. मग अर्थ सांगणारी वाक्यं शोधा. ती बहुतेक शेवटी असतात आणि ‘कारण’, ‘तेव्हा त्याला कळलं की’, ‘खरं तर’ अशी सुरू होतात. ती काढा. आता गोष्ट अर्धवट वाटेल. दोन दिवस थांबा आणि राहिलेल्यातली एक वस्तू निवडा जिच्यात काढलेला अर्थ ठेवता येईल : दिवा, चपला, पिठलं. वस्तू घरातली असू द्या. ग्रह परका असेल तर वस्तू ओळखीची हवी, नाहीतर वाचणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नाही. मग ज्याला विज्ञानकथा अजिबात आवडत नाहीत अशा माणसाला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. तो ‘मग?’ म्हणाला तर फार काढलंत. ‘बरं’ म्हणाला तर अजून काढायचं आहे. गप्प राहिला तर गोष्टीला हात लावू नका.

बैठकीत गोष्ट वाचायची कशी?

दोनदा, आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी. पहिल्या वाचनानंतर कुणी बोलायचं नाही. थंडीत तेव्हा चहा आणि गजक फिरते, आणि तेवढा वेळ पुरतो. दुसरं वाचन ज्याला करावंसं वाटेल त्याने करावं.

गेल्या पौषात छोट्या गाडीची गोष्ट दुसऱ्यांदा वाचायला ब्याऐंशी वर्षांच्या काकांनी कागद मागून घेतला. तरुणपणी ते त्याच गाडीने सबलगढला जात असत. मी ‘आली’ हा शब्द नेहमी आवाज खाली आणून वाचत आले होते. काकांनी तो फलाटावरून हाक मारावी तसा मोठ्याने, आनंदाने वाचला, आणि ‘चपला दारातच राहिल्या’ वाचताना ते हसत होते.